बेळगाव भागात टपाची जुनी गाडी घेताय? कागद, गंज, पाऊस आणि घाट यांचं मार्गदर्शन

दिवाळीनंतरच्या थंडीत टप, म्हणजे वरचं कापडी छप्पर, उतरवलेली जुनी गाडी काढावी आणि जांबोटीच्या रस्त्याला लागावं, अशी इच्छा आपल्या भागात बऱ्याच जणांच्या मनात असते. कुणी आजोबांच्या मॉरिसच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, कुणाच्या चंदगडकडच्या पाहुण्यांच्या गोठ्यात विलीज जीप उभी असते. मग व्यवहार होतो, गाडी दारात येते आणि त्यानंतर कळतं की आरसी बुकावर पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन बसलंय.

माझ्याकडे पेट्रोलवरची सीजे-३बी जीप आहे आणि एक मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल. दोन्ही गाड्यांच्या निमित्ताने आरटीओ, पत्राकाम, विमा आणि टप शिवणारे या सगळ्यांच्या दारातून मी गेलो आहे. माझं मत आधीच सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात उघडी गाडी वर्षातले पाच महिने चालवायची आणि सात महिने सांभाळायची असते. हे मनापासून पटत असेल तर जरूर घ्या, सुखाला तोटा नाही. रोज ऑफिसला न्यायला गाडी हवी असेल तर हा नाद करू नका.

१. आधी जात ठरवा: जीप, टूरर की कन्व्हर्टिबल

जीप ही नवख्यासाठी सर्वांत सोपी. चासिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी, बॉडी वेगळी, पत्रा जाड आणि सरळ. विलीज एमबी, महिंद्राने विलीजच्या परवान्यावर बनवलेल्या सीजे मालिकेतल्या गाड्या, किंवा लष्करातून निघालेली जोंगा ही जीपसारखी गाडी, यांचं काम आपल्याकडच्या जुन्या फिटरांना अजून येतं. मात्र जीप आरामाची गाडी नाही. लांबच्या प्रवासाला कंबर धरते, आणि टप असला तरी पाऊस बाजूने आत येतोच.

टूरर म्हणजे मॉरिस ८ किंवा एमजी टीसीसारखी गाडी: दारांना काच नाही, बाजूला लावायचे पडदे आणि वर कापडी टप. एमजीच्या टी मालिकेत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. आपल्या दमट हवेत तो कुजतो आणि त्याला भुंगाही लागतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचं दार हातात येऊ शकतं. दार उघडून वर-खाली हलवून बघा. बिजागरीच्या खांबासकट हललं तर आत लाकूड संपलेलं आहे. जमेची बाजू ही की सागवानात असा सांगाडा करून देईल असा जुना सुतार खानापूर-दांडेली बाजूला शोधला तर सापडतो.

कन्व्हर्टिबल म्हणजे मॉरिस मायनर, ट्रायम्फ हेराल्ड, एमजीबी. यांना खिडकीच्या वर-खाली होणाऱ्या काचा असतात, बसायला जास्त सुखाच्या. पण यातल्या मॉरिस मायनर आणि एमजीबीला वेगळी चासिस नाही. बॉडी हीच चासिस. छप्पर नसल्यामुळे सगळा भार दाराखालच्या पट्ट्यांवर येतो, आणि गंज नेमका तिथेच धरतो. हेराल्डला मात्र वेगळी चासिस आहे, त्यामुळे तिचं काम समजायला सोपं.

पहिली गाडी असेल तर माझा कौल जीपला किंवा हेराल्डला.

२. गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवा

फोनवर बोलतानाच आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मागा. पहिलं पान पाठवून बाकीची टाळणारा माणूस असेल तर पुढे जाऊ नका.

आपल्या भागातल्या जुन्या आरसी बुकांचा एक खास गुंता आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं, आणि १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्यात गाडी मधल्या काळात कोल्हापूरला किंवा गोव्याला जाऊन परत आलेली असते. एकाच पुस्तकात वेगवेगळ्या राज्यांचे शिक्के आणि हाताने लिहिलेल्या नोंदी सापडतात. प्रत्येक मालकाची नोंद आधीच्या मालकाला जोडून लागली पाहिजे. मधला एक जरी दुवा तुटला तर तो तुम्हालाच जोडावा लागेल, आणि तो माणूस कदाचित हयातही नसेल. अशा वेळी वारसांचे दाखले गोळा करण्यात वर्ष निघून जातं.

तीन अक्षरी जुना नंबर म्हणजे १९८९ च्या आधीची नोंदणी. हा नंबर ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याकडून करून घ्या. पैसे दिल्यानंतर त्याला त्यात रस उरत नाही.

व्यवहाराआधी हातात हवेत असे कागद:

- मूळ आरसी बुक, झेरॉक्स चालणार नाही
- चासिस नंबर आणि इंजिन नंबर कागदावर पेन्सिलने घासून घेतलेले, आरसीशी जुळणारे
- मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीचे
- गाडी दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओतली असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी
- कर भरल्याच्या पावत्या
- चालू विमा आणि पीयूसी
- परदेशातून आलेली गाडी असेल तर कस्टमचे कागद, बिल ऑफ एंट्री
- बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवल्याचं पत्र, बँक आज अस्तित्वात नसली तरी
- दोघांची ओळखपत्रं, आणि विकणारा वारस असेल तर मृत्यूचा व वारसाचा दाखला

कोल्हापूरच्या एमएच-०९ ची गाडी बेळगावच्या केए-२२ वर किंवा चिकोडीच्या केए-२३ वर आणायची तर एनओसीनंतर नव्या नंबरासाठी फॉर्म २७ लागतो आणि कर्नाटकचा लाइफ टॅक्स भरावा लागतो. हा आकडा व्यवहाराआधी आरटीओत विचारून घ्या, गाडीच्या किमतीत धरा. कोल्हापुरातल्या मेहुण्याच्या नावावर गाडी ठेवून इथे चालवायची ही युक्ती पुष्कळ जण सुचवतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नवा नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि अपघात झाला तर मेहुणा आणि तुम्ही दोघेही अडकता.

अजून एक गोष्ट. इथल्या कार्यालयातला व्यवहार कन्नडमध्ये आणि इंग्रजीत चालतो. आपल्या आडनावाचं आणि गावाचं स्पेलिंग आधार कार्डावर एक, आरसीवर दुसरं, विम्यावर तिसरं असं सर्रास होतं. अर्ज भरतानाच कन्नड वाचता येणाऱ्या ओळखीच्या माणसाला शेजारी बसवा आणि सगळीकडे एकच स्पेलिंग लावा. हे पाच मिनिटांचं काम पुढच्या खेपा वाचवतं.

३. व्हिंटेज नोंदणी की नेहमीची, हे नीट समजून घ्या

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात.

हे ऐकायला छान वाटतं, आणि इथेच लोक फसतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यासाठीच आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन आंबोलीला जाणं त्यात बसत नाही. तुम्हाला गाडी चालवायची असेल, आणि उघडी गाडी चालवण्यासाठीच घ्यायची असते असं मी मानतो, तर नेहमीची खासगी नोंदणीच ठेवा आणि दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा.

त्याचा खर्च मात्र वाढला आहे. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० केलं गेलं. आयात गाडीसाठी तर ८०,०००. म्हणून आरसीवर गाडी ‘इम्पोर्टेड’ लिहिली आहे का हे घेण्याआधी बघा. भारतात बनलेल्या महिंद्रा जीपला हा मोठा भुर्दंड नाही. मुदत संपल्यावर गेलात तर उशिराचं शुल्क महिन्यागणिक चढतं.

कुठलीही नोंदणी असो, गाडी भाड्याने देऊ नका. खुली गाडी दारात दिसली की लग्नसराईत वरातीसाठी विचारणा येतेच. खासगी नंबरच्या गाडीचे पैसे घेतले आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. नात्यात न्यायची असेल तर स्वतः चालवायला जा. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत तर न दिलेलीच बरी: तासन् तास पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापतं, आणि गुलाल गालिच्यातून व मीटरमधून वर्षभर निघत राहतो.

४. पाहणी: रंगाकडे नको, खाली बघा

एक लोहचुंबक, टॉर्च, पातळ स्क्रूड्रायव्हर आणि अंथरायला पोतं, एवढं बरोबर न्या. चुंबक जुन्या रुमालात गुंडाळून दाराखालच्या पट्ट्यांवर, चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

चासिस नसलेल्या कन्व्हर्टिबलची एक परीक्षा आहे. दार बंद असताना दार आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत बघून ठेवा. मग पुढच्या चाकाच्या मागे जॅक लावून ती बाजू थोडी उचला आणि फट पुन्हा बघा, दार उघडा-लावा. फट वरच्या बाजूला आवळली किंवा दार अडकलं तर गाडी मधोमध वाकते आहे. ही गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नवख्याने घेऊ नये. दाराखालचं काम नीट करायचं तर आतून आधार लावून, मोजमाप धरून वेल्डिंग करावं लागतं. आधार न लावता पट्ट्या कापल्या तर बॉडी कायमची वाकडी होते.

जीपमध्ये दोन गोष्टी बघा. एक, इंजिन. पेट्रोलच्या हरिकेन इंजिनाजागी डिझेल बसवलेल्या जीप पुष्कळ आहेत, आरसीवर तशी नोंद नसेल तर घेऊ नका. दुसरं, लांबी-रुंदी. तुकडे जोडून तयार केलेल्या, रुंद टायर लावलेल्या जीप उत्तरेकडून येतात आणि दिसायला देखण्या असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे.

गाडी थंड असताना चालू करून घ्या. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम असेल तर विकणाऱ्याने ते का तापवलं ते विचारा आणि निवेपर्यंत थांबा.

५. टप: जो वापरता येतो तो खरा

पाहणीच्या वेळी टप स्वतः उतरवा आणि स्वतः चढवा. लोखंडी कमानी वाकलेल्या असल्या की टप काचेच्या पट्टीला पोचत नाही, आणि मग शंभर ठिकाणी ओढून ताणून कापड फाटतं. कापड नवीन शिवून मिळतं. कमानी मिळवणं अवघड, त्या आहेत का हे आधी बघा.

शिवायला जीपचे टप करणारा कुशनवाला चालतो, पण त्याला जुना टप उसवून नमुना म्हणून द्या. अंदाजाने कापलेला टप ऐंशीच्या वेगाला फुग्यासारखा फुगतो. कापड जाड कॅनव्हास घ्या. स्वस्त रेक्झिन आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन मोसमांत तडकतं.

काही नियम मी कधी मोडत नाही. ओला टप घडी घालायचा नाही, बुरशीचे डाग परत जात नाहीत. घडी घालताना मागच्या प्लास्टिकच्या काचेवर सुती कापड ठेवायचं. ती काच कोरड्या फडक्याने पुसायची नाही, पाणी ओतून धुवायची. आणि गाडी उभी असताना टप चढवलेलाच ठेवायचा, कारण महिनोन्महिने घडीत राहिलेलं कापड आखडतं.

६. इंजिन, पेट्रोल आणि ब्रेक

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून ते बनतं, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, पण साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ होतात, गळतात, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सगळ्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिना-दोन महिने न हलता उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, आणि त्याहून जास्त असेल तर रिकामी करा. अर्धी टाकी आतून गंजते. एक पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी हवाच.

२००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, त्या शिशावर टिकून होत्या. हेड कधी उघडावं लागलं तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. तेवढ्यासाठी चालती गाडी उघडू नका.

यातल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि एकच हायड्रॉलिक वाट. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. चोर्ला, आंबोली, तवंदी हे घाट आपल्या दारात आहेत, म्हणून यात काटकसर नको. मास्टर सिलिंडरची रबरं, चाकांच्या सिलिंडरची रबरं आणि ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, ते दर पावसाळ्यानंतर नवीन भरा. घाटात ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ओले ड्रम धरत नाहीत. पाण्यातून गेल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवा.

जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते. नेहमीचा वायरमन मायनस जोडून देतो आणि डायनॅमो जळतो. बॅटरीजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

७. काम कुणाकडून करून घ्यावं

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, हायड्रॉलिक सगळं एका फेरीत होतं. मुंबईत लोक ज्या बुशसाठी महिनोन्महिने वाट बघतात तो इथे नमुना दिला की टर्नर करून देतो. कोल्हापूरचं उद्यमनगरही हाताशी आहे. फक्त मूळ तुकडा कधी कायमचा देऊ नका, मोजमाप घेऊन परत आणा.

रबरं, टपाच्या पट्ट्या, वायरिंग मात्र बाहेरून मागवावं. मॉरिस, एमजी, ट्रायम्फ यांचे भाग ब्रिटनमध्ये अजून नवे बनतात. कस्टम आणि टपाल धरून हिशेब करा, वर्षाची यादी एकदम मागवा. जीपचे भाग देशातच मिळतात.

पैशाबद्दल माझा नियम: गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल तर गाडी अजून आपल्या आवाक्यात नाही.

८. विमा

थर्ड पार्टी तर सक्तीचा. पूर्ण विमा घेताना जुन्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवायची असते, त्यासाठी चारही बाजूंचे फोटो, केलेल्या कामांची बिलं आणि मूल्यांकनाचा अहवाल द्या. एजंट सिस्टिममधला किमान आकडा टाकून मोकळा होतो, सही करण्याआधी तो आकडा वाचा.

९. पावसाळा म्हणजे गाडीची झोप

बेळगावात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस, आंबोलीत ७,००० च्या वर. जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती चादर घाला आणि शेडला वारा ठेवा. मातीच्या जमिनीवर गाडी उभी करू नका, खालून ओल चढते. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक सोडा, चाकांना ओंडके लावा. बॅटरी काढा. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावा. दर पंधरवड्याला उघाड मिळाली की गाडी बाहेर काढून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा. नुसतं जागेवर पाच मिनिटं चालू करण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, फायदा काही नाही.

एप्रिल-मेमध्ये चारच्या पुढे वळीव कधीही येतो. त्या दिवसांत टप गाडीतच असू द्या, घरी ठेवून निघू नका.

१०. रस्त्यावर

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. नोव्हेंबरात खानापूर रस्त्याने जाताना कापणीला आलेल्या भाताचा वास येतो, बासमतीचं रान असेल तर तो वेगळा कळतो. निपाणीकडे गुऱ्हाळं सुरू झाली की फर्लांगभर आधी गूळ कळतो. बंद गाडीतून आपण हा मुलूख फक्त बघतो. उघड्या गाडीत हवा कुठे गार होते, ओढा कुठे आहे, जंगल कुठे सुरू झालं हे अंगावर समजतं. कणकुंबीच्या पुढे झाडी दाट झाली की चार अंश उतरलेले कानांना आधी कळतात. थांबाल तिथे माणसं बोलायला येतात. वयस्कर माणूस बॉनेटवर हात ठेवून कुणाकडे अशी गाडी होती ते सांगतो, आणि त्यातूनच कधी कुणाच्या माळ्यावर पडलेला मूळ दिवा तुम्हाला मिळतो. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक गाडी बाहेर निघते तेव्हा लोक कसे बघतात ते एकदा जाऊन बघा. त्या प्रेमाचा एक लहानसा वाटा तुमच्या गाडीलाही मिळतो.

त्रासही तेवढेच खरे. एसटीच्या किंवा ट्रकच्या मागे लागलात तर धूर सरळ तोंडावर. सत्तरच्या पुढे बोलणं ऐकू येत नाही. दुपारच्या उन्हात डोकं तापतं, म्हणून टोपी बांधायच्या पट्टीची घ्या. गाडी कुलूप लावून सोडता येत नाही, आणि घाटात माकडं टप नखाने फाडतात. खायचं काही सीटवर ठेवू नका. लहान मुलांना मागे उभं करू नका, कितीही हट्ट केला तरी. जुन्या गाडीला सीट बेल्टचे पट्टे नसतात, ते बसवून घ्या, पण चासिसला किंवा मजबूत जागेला धरूनच. उलटली तर वरून आधार नाही, हे चालवताना लक्षात असू द्या.

सर्वांत मोठा धोका आपल्या भागात उसाच्या हंगामात असतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमके तुमचे चालवायचे महिने, कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात बिनदिव्याचे चालतात. सांडलेल्या उसावर अरुंद टायर घसरतो. जुन्या गाडीचे दिवे पिवळे आणि मंद. म्हणून पहाटे निघा, दिवस मावळायच्या आत परत या.

पहिला लांब फेरा आंबोलीचा करा. शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड बाजू धरून साधारण ७० किलोमीटर, रहदारी हायवेपेक्षा कमी. शिनोळीलाच महाराष्ट्र लागतो, त्यामुळे विमा आणि पीयूसी मुदतीतलं हवं. घाटात खाली उतरू नका, माथ्यावरूनच परता. बरोबर फॅन बेल्ट, रेडिएटरची नळी, प्लग, कंडेन्सर, पाच लिटर पाणी आणि ओढायचा दोर ठेवा. घरी आल्यावर इंजिन निवू द्या, टप चढवा, बॅटरीची वायर सोडा आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठला डाग कुठे पडला आहे त्यावरून पुढच्या रविवारचं काम ठरतं.